घाबरलेल्या माणसाचा वास

६ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला म्हणून आधीच कान पकडते. फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं हा तुझा हट्ट, आणि कारण काय, तर फोनला माणसाचा वास येत नाही, कागदाला येतो! मग हा कागद नाकाशी धर. लवंगेच्या तेलाचा वास आला असेल. आमच्या दवाखान्यात तो भिंतींना, टॉवेलांना आणि माझ्या वेणीलासुद्धा असतो.

थट्टा पुरे. आत्या, मी दातांची डॉक्टर व्हायचा नाद सोडायचं ठरवलंय.

तुला माहीतच आहे, आधीची वर्षं आम्ही प्लास्टिकच्या डोक्यांवर काम केलं. लोखंडी दांड्यावर बसवलेलं डोकं, रबरी गाल आणि आत खोटे दात. तेव्हा वर्गात माझ्याइतकं सफाईचं काम कुणाचं नव्हतं. सर मी कोरलेला दात उचलून सगळ्यांना दाखवायचे. या वर्षी खुर्चीत जिवंत माणसं यायला लागली आणि माझ्या हाताला काय झालं कोण जाणे. मी वाकते, तोंडात आरसा घालते आणि हात थरथरायला लागतो. डोकंही चालेनासं होतं, पाठ असलेलं आठवत नाही. खोलीवर येऊन सुईत दोरा ओवून पाहिला तर एका फटक्यात जातो.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा दात भरायचा होता. कीड लहानशी, काम सोपं. पण ड्रिल सरकलं आणि चांगल्या दाताचा कोपरा उडाला. सरांनी काही न बोलता ड्रिल माझ्या हातून काढून घेतलं आणि काम पुरं केलं. नंतर हात धुताना मात्र एवढंच म्हणाले की हे हात बहुतेक दुसऱ्या कशासाठी असतील. सर दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातलं माझ्या वाट्याला हे आलं.

नोव्हेंबरात शेवटची परीक्षा, आणि तीही जिवंत माणसावर. सप्टेंबरअखेर तिचा अर्ज भरायचा असतो, तो मी भरणार नाही. एका चष्म्याच्या दुकानात कामाला ये म्हणालेत. तिथे कुणाच्या तोंडात हात घालावा लागत नाही, मला तेवढं पुरे. फक्त बाबांना हे तू सांग. तू मोठी बहीण, तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. त्यांनी अख्ख्या गल्लीला आमची डॉक्टर, आमची डॉक्टर म्हणून सांगून ठेवलंय. त्यांच्यासमोर माझी जीभ उचलणार नाही.

एवढं काम कर, आणि कितीही रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
खार


१४ जुलै

चि. खारीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हुंगलंही. लवंग आहेच. शिवाय एका कोपऱ्यात शाई पसरली आहे. रडत रडत लिहिलंस ना? ते ओळखायला नाक लागत नाही.

तुझ्या बाबाला मी काही सांगणार नाही. लहानपणी दोन्ही गालांत दाणे भरून घरभर पळायचीस म्हणून आम्ही तुला खार म्हणायला लागलो. पळायची सवय अजून गेलेली दिसत नाही. सोडायचंच असेल तर खुशाल सोड, माझी ना नाही. पण कशामुळे सोडलं ते तरी कळू दे. हात थरथरतो हे काही कारण झालं नाही. का थरथरतो, ते कारण.

आता माझ्या कामाचं ऐक. लोकांना वाटतं, साबणाच्या कंपनीत नाकाचं काम म्हणजे दिवसभर गुलाब हुंगायचे. मी लोकांच्या काखा हुंगते, हे तुला माहीत आहे, बाकी नातेवाइकांना सांगायची सोय नाही. पांढऱ्या खोलीत स्टुलांवर माणसं हात वर करून बसतात. आम्ही बायका एकामागून एक जातो, वास घेतो आणि मनात ठरवलेले गुण देतो. समोरच्याच्या तोंडावर नाक मुरडायचं नाही हा पहिला नियम. दुसरा नियम असा की वाईट, घाण, भयंकर असले शब्द वापरायचेच नाहीत. आंबट आहे का, कांद्यासारखा आहे का, ओल्या लोकरीसारखा आहे का, नेमकं सांगायचं. नेमकं सांगता आलं की अर्धी किळस आपोआप जाते.

तू तुझ्या हाताबद्दल नुसतं भयंकर, भयंकर करते आहेस. मला नेमकं सांग. थरथर ड्रिल उचलताना सुरू होते की वाकल्यावर? सगळ्यांच्या बाबतीत होते की काहींच्या? ज्यांच्या बाबतीत होत नाही ती माणसं कशी आहेत? दोन आठवडे डोळे उघडे ठेवून बघ आणि मग लिही. तोवर चष्म्याच्या दुकानाकडे फिरकलीस तर तंगडं मोडीन.

जेवत जा. लोभाची काळजी करू नकोस, तो माझ्याकडे पडून आहे.

तुझी नाकाडी,
आत्या


३० जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझ्या धाकाने बघितलं, आणि जे दिसलं त्याने मी आणखीच चक्रावले.

ड्रिल उचलताना काही होत नाही. वाकल्यावर होतं. माझं तोंड पेशंटच्या गळ्यापाशी आलं की दोन-चार श्वासांत बोटं सैल पडतात. पण सगळ्यांच्या वेळी नाही. मला वाटलं होतं, जी माणसं आरडाओरडा करतात त्यांच्यापुढे मी हातपाय गाळत असेन. तर तसं मुळीच नाही! परवा एक पाच-सहा वर्षांची मुलगी आली. खोली डोक्यावर घेतली तिने, आईचे केस ओढले, मला चावली. माझा हात दगडासारखा स्थिर होता, तिचा दात भरून तिला फुगा देऊन पाठवली. एक मास्तर आले, ते खुर्चीत चक्क घोरायला लागले. त्यांचंही काम झकास झालं.

आणि मग तो ट्रकवाला. हा आडदांड माणूस, आल्यापासून विनोद सांगत होता. आपण वाघालाही भीत नाही, दात म्हणजे काय चीज, असं म्हणत होता. नर्सबाई हसून हसून बेजार. मलाही तो आवडला. मी हसत हसत वाकले आणि हात असा उडायला लागला की आरसा त्याच्या दातावर टकटक वाजला. मग माझ्या लक्षात आलं की खोलीत गारठा आहे, मी आत स्वेटर घातलाय, आणि त्याचा शर्ट पाठीवर आणि काखेत ओलाचिंब आहे. नंतर मी मुद्दाम बघत राहिले. वरून शांत दिसणारी, हसरी, पण अशी भिजलेली माणसं आली की माझा हात थरथरतोच.

माझ्याबरोबर राहते ती लंबू म्हणते की मला वेड लागलंय, रडणाऱ्याला भीत नाही आणि हसणाऱ्याला भिते. तुला यातून काही कळतंय का? मला तर काही कळत नाही. बाबांचं परवा पत्र आलं, त्यात मी बरी आहे ना एवढं तीनदा विचारलंय. मी त्यांना अभ्यास फार आहे अशी थाप मारली.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
खार


८ ऑगस्ट

चि. खारीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं पोरी, तुझं पत्र वाचता वाचता उभीच राहिले! तुला वेडबिड काही लागलेलं नाही. तू माझ्या वळणावर गेली आहेस, एवढंच.

उन्हात धावून येतो तो घाम वेगळा आणि भीतीने येतो तो वेगळा. भीतीच्या घामात काखेतल्या ज्या ग्रंथींचा मोठा हात असतो, त्या माणूस वयात आल्यावर जाग्या होतात. तुझ्या त्या चावऱ्या मुलीच्या अजून झोपेत आहेत. मागे आमच्याकडे एक संशोधक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की माणसांना विमानातून उडी मारायला लावून त्यांचा घाम कापसाच्या बोळ्यांवर धरतात आणि दुसऱ्यांना हुंगायला देतात. हुंगणाऱ्यांना त्यात भीती आहे हे मुळीच ओळखू येत नाही. तरी त्यांचं अंग सावध होतं, साधा चेहराही त्यांना रागावलेला वाटू शकतो. मी त्यांना म्हटलं होतं की माझ्या नाकाला फसवता येणार नाही. त्यांनी दोन बाटल्या पुढे केल्या आणि मी साफ आपटले. कांदा ओळखला, लोकर ओळखली, भीती नाही ओळखली! नाकाच्या मागे बसून कुणीतरी ती परस्पर वाचतं आणि आपल्याला कळवत नाही.

त्या बाईंनी बजावलंही होतं की हा परिणाम लहानसा असतो आणि सगळ्यांवर सारखा होत नाही. तेव्हा तुझं सगळं वासामुळेच आहे असं छातीठोक मी सांगत नाही. पण तुझा ट्रकवाला तोंडाने हसत होता आणि काखेने ओरडत होता, आणि तुझ्या हाताने काखेचं ऐकलं, असं मला वाटतं.

उपाय सोपा आहे. वास आतच येऊ द्यायचा नाही. सोबत पेपरमिंटच्या मलमाची डबी पाठवते आहे. नाकाखाली चांगलं बोटभर लाव आणि वर दोन मास्क बांध. जगातला कुठलाही घाम त्यातून येणार नाही. परीक्षेचा अर्ज भरून टाक आणि मला पेढे नकोत, पत्र पाठव.

तुझ्यावर आणि स्वतःच्या अकलेवर आज फार खूश असलेली,
आत्या


२७ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझा उपाय लागू पडला. म्हणूनच मी आता नक्की सोडते आहे.

पहिले दोन-तीन दिवस तर मी हवेत होते. डोळ्यांतून पाणी यायचं, पण हात? प्लास्टिकच्या डोक्यांवर चालायचा तसा चालत होता. सरही मागे येऊन उभे राहिले आणि काही न बोलता पुढे गेले. त्यांच्याकडून ही शाबासकीच समजायची. मी त्या दिवशी अर्जसुद्धा आणून ठेवला.

काल एक बाई आल्या. बेकरीत कामाला असतात, बोलायला एकदम गरीब. दात भरायचा होता. मी भूल दिली आणि कामाला लागले. इतकं सुरेख चाललं होतं आत्या, मी मनात गाणं म्हणत होते. काम संपवून मास्क खाली केला तेव्हा पाहिलं, तर बाईंच्या दोन्ही कानांत पाणी साचलेलं. डोळ्यांतून वाहून वाहून कानांत गेलेलं. भूल नीट चढलीच नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना दुखत होतं आणि डॉक्टरांना मध्येच कसं बोलायचं म्हणून त्या गप्प पडून होत्या. मी त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होते आणि मला पत्ता नव्हता. वर त्यांनीच मला धन्यवाद म्हटलं.

मला ते धन्यवाद सहन झाले नाहीत. मी हत्यारं धुवायच्या खोलीत जाऊन बसले. हात थरथरत होता तेव्हा मी निदान थांबत तरी होते, विचारत होते. वास आला की मला काम जमत नाही आणि वास बंद केला की मी दगड होते. मग अशा माणसाने दुसऱ्याच्या तोंडात हात घालू नये. डबी परत पाठवते आहे, चिडून नाही. तू माझ्या भल्यासाठीच केलंस.

उद्याच्या गाडीने घरी जाते आणि बाबांना मीच सांगते.

तुझी,
खार


४ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुम्ही दोघींनी मिळून मला चांगलं अंधारात ठेवलंत. मी पाट्या रंगवतो, आंधळा नाही. पोरगी महिनाभर थापा लिहिते आणि मोठी बहीण तिला सामील! याचं भांडण तू आलीस की करू. सध्या भांडायला जीव नाही.

खार गेल्या आठवड्यात एका दुपारी बॅग घेऊन दारात उभी राहिली. मी दारातच एका दुकानाची पाटी रंगवत, तोल सांभाळत शिडीवर होतो. तिने खालूनच सगळं सांगितलं, मी वर असल्यामुळे तिला माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल. मी उतरलो आणि तिला चहा करून दिला. ओरडलो नाही. तू विचारशील म्हणून लिहितो.

पण घोटाळा संध्याकाळी झाला. तिची चप्पल पलंगाखाली गेली, ती काढायला वाकली आणि तिथे तिला पाटी सापडली. तिच्या दवाखान्याची. मी गेल्या वर्षीच रंगवून कागदात गुंडाळून ठेवली होती. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, आयुष्यात एवढी नीट अक्षरं मी काढली नव्हती. ती पाटी मांडीवर घेऊन पोरगी जी रडायला लागली ती थांबेचना. मी तिला म्हटलं की पाटीचं काय घेऊन बसलीस, एक हात रंग मारला की वर दुसरं काहीही लिहिता येतं, चष्म्याचं दुकान लिहू. मी मनापासून म्हटलं होतं. तर ती आणखीच रडली. मी काय चुकीचं बोललो ते मला अजून कळलेलं नाही.

ताई, ती शिकली नाही तरी माझं काही बिघडत नाही. पण ती त्या बेकरीवाल्या बाईंचं पुन्हा पुन्हा सांगते. ज्या पोरीला दुसऱ्याचं दुखणं इतकं लागतं तिने हे काम सोडावं, हे मला पटत नाही. मला नीट मांडता येत नाही. तू मांड. तुझी पत्रं ती उशीखाली ठेवते.

रागावलेला, पण तुझाच,
पेंटर


९ सप्टेंबर

चि. खारीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र बाबालाही वाचून दाखव. त्याच्या शिव्या पोचल्या.

मलमाची डबी मी फेकून दिली. चूक माझी. आयुष्यभर नाकावर जगले आणि तुला उपाय काय सांगितला, तर नाक बंद कर! अकलेवर खूश होते म्हणे. नाकाने कांदे सोलत होते, दुसरं काय.

पण आता तू माझं एक ऐक. आमच्या कामात एकामागून एक वास घेताना नाक गोंधळतं. आधीच्या माणसाचा वास पुढच्याच्या वासात मिसळतो आणि मग कुणाचं काय ते कळेनासं होतं. त्या वेळी आम्ही नाक बंद करत नाही. बाजूला होतो, बाही वर करतो आणि आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतो. दोन-तीन श्वास. तिथे फक्त आपण असतो. नाक घरी जाऊन येतं आणि मग पुढच्या माणसाकडे जायचं. हे मला कामावरच्या माझ्या पहिल्या वरिष्ठ बाईंनी शिकवलं होतं आणि इतक्या सवयीचं झालंय की तुला सांगायचं सुचलंसुद्धा नाही.

तुझं मला असं वाटतं. पेशंटची भीती तुझ्या अंगात शिरते आणि तुझं अंग ती आपलीच समजतं. मला भीती वाटते आहे, मला जमणार नाही, असं तुझं डोकं म्हणायला लागतं. अगं, ती तुझी नसेल! त्या ट्रकवाल्याची असेल, त्याला परत दे. हात थरथरला की मागे हो, कोपराशी नाक ने, स्वतःला भेटून ये. लोक हसतील, हसू दे.

मागच्या वेळेसारखं छातीठोक सांगत नाही. जमेल न जमेल. पण बेकरीवाल्या बाई रडल्या ते तुला एकटीलाच इतकं टोचलं आहे. असं टोचणारी माणसं या धंद्यात हवीत असं मला, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं म्हटलं की जिची पाचावर धारण बसते त्या बाईला, मनापासून वाटतं. अर्जाला अजून दिवस आहेत. भरायचा की नाही हे तू ठरव, कुणाच्या पाटीसाठी भरू नकोस.

काही ठरवलंस तरी या घरातली तुझी जागा तीच राहील.

तुझी,
आत्या


१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

परत आले आणि अर्ज भरला. शेवटच्या दिवशी, खिडकी बंद होता होता. कारकून म्हणाला की इतके दिवस झोपला होतात का. मी हो म्हटलं.

आता तुझ्या कोपराची हकिकत. पहिल्या दिवशी मी मागे होऊन कोपरात नाक खुपसलं तेव्हा नर्सबाईंना वाटलं मला शिंक येते आहे, त्या रुमाल घेऊन धावल्या. लंबूने तर सगळ्या वर्गात माझी नक्कल करून दाखवली. पण आत्या, बरं वाटतं. माझ्याच कोपराला साबणाचा आणि थोडा झोपेचा वास येतो. तो घेतला की डोकं पुन्हा चालू होतं आणि मला माझं पाठांतर सापडतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. नुसत्या कोपराने भागत नव्हतं. वाकले की पुन्हा थरथर, पुन्हा मागे, पुन्हा कोपर. मग एक पहारेकरी आले, मिशा अशा भरदार आणि हात खुर्चीला असे घट्ट धरलेले की बोटं पांढरी पडलेली. तिसऱ्यांदा मागे झाल्यावर मलाच लाज वाटली, नुसतं उभं काय राहायचं म्हणून मी त्यांच्याशी बोलायला लागले. आरसा त्यांच्या हातात दिला. ड्रिल त्यांच्या नखावर चालवून दाखवलं. दुखलं तर बोट वर करा, मी त्या क्षणी थांबेन, असं ठरवलं, आणि एकदा त्यांनी खोटंच बोट वर करून बघितलं, मी थांबले. ते मिशीत हसले. त्यानंतर वाकले, आत्या, आणि हात थरथरलाच नाही. खुर्चीवरची त्यांची बोटंही सुटलेली होती.

तेव्हापासून मी असंच करते. हात थरथरला म्हणजे समोरचा माणूस अजून तयार नाही असं समजते. ड्रिल खाली ठेवते, बोलते, थांबते. हात शांत झाला की सुरू करते. मी इतके दिवस ज्या हाताला शिव्या देत होते तो मला काही सांगत होता असं आता वाटतं. वासामुळे असेल नाहीतर त्यांच्या श्वासामुळे, मला काय करायचंय.

अडचण एकच. यात वेळ फार जातो आणि परीक्षेला वेळ मोजूनच मिळतो. सरांनी परवा माझ्या खुर्चीपाशी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलवली ते कळलं नाही. मला झोप नीट लागत नाही, पण जेवते आहे. बाबांना सांग.

तुझी,
खार


२६ नोव्हेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

निकाल बाबांनी तुला कळवलाच असेल, ते थांबणाऱ्यांतले नाहीत. पास झाले. पहिली नाही, दहावीही नाही. परीक्षेला माझ्या वाट्याला एक आजोबा आले होते, भीतीने गार पडलेले. अर्धा वेळ त्यांच्याशी बोलण्यातच गेला. बाकीच्यांचे पेशंट चूळ भरून चालले होते तेव्हा माझं ड्रिल सुरू झालं. काम जेमतेम वेळेत बसलं, दाताला शेवटची झिलई द्यायची राहिली, तिचे गुण गेले. पण हात एकदाही हलला नाही आणि आजोबा एकदाही कळवळले नाहीत. बाहेरच्या परीक्षकांनी कागदावर लिहिलं की काम संथ आहे. मला त्याचा राग आला नाही.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही. जे घडलं ते तुला एकटीला सांगायचंय. बाबांनाही सांगू नकोस, त्यांच्या पोटात राहणार नाही.

काल दुपारी बाहेरचे पेशंट संपले, सगळे जेवायला गेले. सरांनी मला थांबायला सांगितलं आणि खोलीचं दार लोटलं. मला वाटलं, आता संथपणाबद्दल ऐकून घ्यावं लागणार. तर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि स्वतःच खुर्चीत जाऊन आडवे झाले. खालची मागची दाढ बरेच महिने ठणकते आहे, भरून टाक, आणि उगाच वेळ काढू नकोस, असं त्यांनी सांगितलं. चेहरा नेहमीसारखाच, कोरा. दोन्ही हात पोटावर नीट ठेवलेले. आत्या, माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ज्यांनी माझ्या हातून ड्रिल काढून घेतलं होतं त्यांच्याच तोंडात ते घालायचं!

मी दिवा ओढला, आरसा घेतला, वाकले. हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा मनात आलं की संपलं सगळं, जुनं दुखणं परत आलं. सरांची भीती, परीक्षेची भीती, माझीच. मी मागे झाले आणि कोपराशी नाक नेलं. डोकं शांत झालं, मला काहीच भीती वाटत नव्हती. पुन्हा वाकले आणि पुन्हा थरथर. मग मी सरांकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बघणारा माणूस, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या तोंडात बहुतेक आजवर त्यांनी कुणालाच बघू दिलं नव्हतं.

मी ड्रिल खाली ठेवलं. खुर्ची सरळ केली, पाण्याचा पेला दिला आणि स्टूल त्यांच्यासमोर घेऊन बसले. आपल्याला घाई नाही असं म्हटलं. त्यांनी पेला रिकामा केला. मग अगदी हळू विचारलं की तुला कसं कळलं.

मी नुसता हात पुढे केला. तो अजून थरथरत होता. सर त्याच्याकडे बघत राहिले, मीही बघत राहिले. थरथर हळूहळू कमी होत गेली आणि थांबली. तेव्हा सर आपणहून मागे टेकले आणि त्यांनी तोंड उघडलं.

बाकी सगळं ठीक. तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.

तुझी,
खार